चंद्रोदयाची चकती

माझी बायको बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि मी तिच्या बदलीबरोबर बदलून आलेला नवरा आहे. कोलकात्यात आल्यापासून हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय, की आता ते माझ्या तोंडात अगदी घोटून बसलंय. लोक हसतात. त्यांचं हसून झालं की मी सावकाश सांगतो, की मी जहाजावर होतो. ताऱ्यांवरून जहाज कुठे आहे ते काढणं हे माझं काम होतं. मग लोक हसायचे थांबतात आणि खुर्ची जरा पुढे ओढतात. ते खुर्ची ओढणं मला फार आवडतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं कळायला सोपं जाईल.

जहाज सोडल्यावर मी मुंबईत बरीच वर्षं जहाजावर जाऊ बघणाऱ्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि इथे आल्यावर तारातला नावाच्या भागाजवळच्या एका क्लासात तेच काम धरलं. मुलं लांबच्या उपनगरांतून येतात, बजबजहून, बराकपूरहून. आता जहाजावर सगळं उपग्रह सांगतात. तरी परीक्षेत तारे विचारतात, म्हणून ती शिकतात. मी त्यांना ताऱ्याची उंची मोजायचा सेक्स्टंट शिकवतो, सूर्य-चंद्र-ताऱ्यांच्या तासातासाच्या जागा देणारं नाविक पंचांग शिकवतो आणि स्टार फाइंडर शिकवतो.

स्टार फाइंडर ही माझी लाडकी वस्तू. नाश्त्याच्या ताटलीएवढी पांढरी चकती, तिच्यावर ठळक तारे छापलेले. तिच्यावर बसवायला पारदर्शक निळ्या चकत्या मिळतात, दर काही अक्षांशांना एक. निळ्या चकतीवर एक लंबगोल जाळी असते. जाळीच्या आत जे तारे दिसतील ते या घडीला आकाशात आहेत, आणि जे काठावर आहेत ते क्षितिजाला टेकलेले आहेत, एवढं साधं. संध्याकाळी तारेही दिसतात आणि समुद्राची कडही दिसते अशी जेमतेम काही मिनिटं मिळतात. त्यात तारा शोधत बसायला वेळ नसतो, म्हणून अधिकारी आधीच चकती फिरवून ठेवतो. बटण नाही, बॅटरी नाही. माझी चकती मी पहिल्या नोकरीत घेतली. तिच्या कडा आता पिवळ्या पडल्यात, पण ती मी कुणाला हात लावू देत नाही.

चंद्र तिच्यावर छापलेला नसतो, कारण तो रोज जागा बदलतो. पंचांगात बघून त्याचा ठिपका पेन्सिलीने द्यावा लागतो. मग निळी चकती फिरवत न्यायची. तो ठिपका जाळीच्या पूर्वेकडच्या काठाला टेकला की चंद्र उगवला. त्या वेळी चकतीच्या कडेवर जो आकडा येईल त्यातून आपण उभे आहोत तिथले रेखांश वजा करायचे आणि उरलेल्या आकड्याची वेळ पंचांगात शोधायची. मुंबईचे रेखांश त्र्याहत्तर. मुंबईत मी ही वजाबाकी इतक्या वेळा केली होती, की ती करण्यासाठी मला डोकं लागत नसे. हातच करायचा.

आता आईविषयी. आई ऐंशीच्या पुढे आहे, तिला मधुमेह आहे आणि ती संकष्टी सोडत नाही. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, बायकोने सांगून पाहिलं. मी तर ओरडूनही पाहिलं. ती म्हणते, "एवढी वर्षं गणपतीने मला सांभाळलं, आता मी त्याला एक दिवस सांभाळते." दुपारी थोडं दूध आणि एखादं फळ घेते, गोळ्याही घेते, पण जेवण मात्र चंद्रोदयानंतरच. मुंबईत आमच्या गॅलरीतून पूर्वेचं आकाश मोकळं होतं. चंद्र वर आला की ती ताम्हन घेऊन उभी राहायची आणि दहा मिनिटांत जेवायला बसायची.

कोलकात्याच्या बेहाला भागातल्या आमच्या फ्लॅटला पूर्वेला एक पाच मजली इमारत आडवी उभी आहे. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाकी आई इथे रमली. इथे देवीला वाहायला म्हणून जास्वंदीच्या अख्ख्या माळा मिळतात, मुंबईत एकेका फुलासाठी शेजाऱ्यांच्या कुंपणावर डोळा ठेवावा लागे, ह्याचं तिला फार कौतुक. गोविंदभोग तांदळाच्या पिठीचे मोदकही तिला पसंत पडले. फक्त चंद्र दिसेना. पहिल्याच संकष्टीला ती समोरच्या इमारतीच्या गच्चीवर डोळे लावून बसून राहिली. कॅलेंडरात दिलेली वेळ कधीच उलटून गेली होती. चंद्र टाकीमागून डोकावला तेव्हा आई उठली, आणि उठता उठता खाली बसली. तिचा हात गार पडला होता. बायकोने तिच्या तोंडात साखर घातली. मी नुसता पंखा लावत होतो, बंद करत होतो.

त्या रात्री मी ठरवलं, की चंद्र दिसायची वाट बघण्याची गरज नाही. उगवला की झालं. आणि तो कधी उगवतो हे सांगायला घरात माझ्याएवढा लायक माणूस कोण? पुढच्या संकष्टीला मी टेबलावर चकती मांडली, पंचांग उघडलं, पेन्सिलीला टोक केलं. कोलकाता मुंबईपेक्षा उत्तरेला, म्हणून निळी चकतीही आठवणीने बदलली. जुनी काढून पुढच्या अक्षांशाची लावली. आईला समजावूनही सांगितलं, की बघ, गाव बदललं की चकती बदलावी लागते. ती कौतुकाने बघत होती. मग ठिपका काठाला टेकवला, वजाबाकी केली, वेळ काढली. आमच्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात चंद्रोदयाची जी वेळ छापली होती, तिच्याशी ती पाचेक मिनिटांच्या फरकाने जुळली. मला कोण आनंद झाला. इतकी जुनी चकती, आणि अजून इतकं बरोबर सांगते.

त्या संध्याकाळी मराठी मंडळातली दोन जोडपी आमच्याकडे आली होती. मी त्यांनाही चकती दाखवली. त्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. तेवढ्यात बायको आतून फोन घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, यात तर तासभर आधीची वेळ दाखवतंय. म्हणजे उगवलाच आहे आता."

"फोनला काय कळतंय?" मी म्हणालो.

"कोलकात्याची वेळ आहे ही. आणि इथे सूर्यही लवकर मावळतो ना? पाच वाजता अंधार पडतो थंडीत. मग चंद्रही लवकर नाही का येणार?"

ती अगदी सरळ बोलत होती. मी मात्र पाहुण्यांकडे बघून हसलो आणि म्हणालो, "ऐका. बँकेतले लोक आता आम्हाला चंद्र शिकवणार. अगं, सूर्याचं वेगळं, चंद्राचं वेगळं. तू व्याजाचे दर बघ, आकाशाचं मी बघतो." पाहुणे हसले. मी पुढे कॅलेंडरावर बोट ठेवून म्हणालो, की हे छापील कॅलेंडर आणि माझी चकती, दोघं एकच सांगतायत. दोन साक्षीदार एकीकडे आणि फोन एकीकडे. बायकोने फोन खाली ठेवला. "बरं," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. आई तासभर बसून राहिली. मी वेळ झाल्यावर "उगवला" असं जाहीर केलं. तिने भिंतीपलीकडच्या चंद्राला अर्घ्य दिलं. ताम्हनातलं पाणी हलताना मी पाहिलं, आणि म्हातारपणामुळे हात कापतो अशी माझी समजूत करून घेतली.

त्यानंतरच्या संकष्ट्या फारच चांगल्या गेल्या. आई टवटवीत असायची. चक्कर नाही, हात गार पडणं नाही. मी क्लासातून माझ्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटं आधी यायचो, हातपाय धुऊन चकतीपुढे बसायचो आणि वेळ झाली की "उगवला" म्हणायचो. ती उठायची, पूजा करायची, पानावर बसायची. फक्त जेवायची अगदी चिमणीसारखं. अर्धा मोदक आणि दोन घास भात.

"दिवसभर उपाशी आणि एवढंच?" मी रागावायचो.

"भूक मेली रे," ती म्हणायची.

बायको मान खाली घालून वाढत असायची. मी दोघींना उपास आणि मधुमेह ह्या विषयावर व्याख्यान द्यायचो. कोलकात्याची हवा आईला मानवली, असं मुंबईच्या नातेवाइकांना फोनवर सांगायचो. आणि माझ्या चकतीमुळे तिचा ताटकळण्याचा वेळ कसा वाचला, तेही सांगायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ते असं. क्लासात मुलांना माझा पहिला धडा काय होता? आधी आपण कुठे उभे आहोत ते नीट लिहा. बजबजच्या एका मुलाने गणितात आधीच्या उदाहरणाचे रेखांश तसेच उचलून ठेवले होते, तर मी त्याला सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, "बाळा, तू जहाजावर आहेस की मागच्या पानावर?" वर्ग हसला होता. मला वर्ग हसलेला आवडतो.

मग ती संकष्टी आली. थंडीचे दिवस होते. क्लासच्या इमारतीत वीज गेली आणि आम्ही मुलांना लवकर सोडून दिलं. मी मेट्रोने बेहालात आलो. आमच्या भागातली मेट्रो रस्त्याच्या डोक्यावरून जाते. फलाट घरांच्या छपरांहून उंच आहे, आणि मी एरवी उतरलो की सरळ जिन्याकडे वळतो, कारण खाली ऑटोला रांग असते. त्या दिवशी घाई नव्हती. मी जिन्याशी थांबून पूर्वेकडे बघितलं.

चंद्र वर होता. गच्च्यांवरच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, मोबाइलचा एक मनोरा, त्या सगळ्यांच्या वर. धुरकट हवेत तांबूस दिसत होता, एका बाजूने जरासा झिजलेला, चतुर्थीचाच. सकाळीच काढून ठेवलेल्या माझ्या हिशेबाने त्याला उगवायला अजून अर्धा तास होता. मी हात लांब करून मूठ धरली आणि क्षितिजापासून त्याची उंची मोजली, जशी जहाजावर अंदाजाने मोजतात. हा चंद्र आत्ता उगवलेला नव्हता. चांगला अर्धा तास तरी आकाशात होता.

पहिल्यांदा मला रागच आला. मी पंचांगावर शंका घेतली, मग माझ्या ठिपक्यावर. अर्ध्या जिन्यावर आल्यावर मला कळलं. त्र्याहत्तर. मी बेहालात बसून प्रत्येक वेळी मुंबईचे रेखांश वजा करत होतो. कोलकात्याचे अठ्ठ्याऐंशी आहेत. मधल्या पंधरा अंशांचा बरोबर एक तास होतो, हे मी क्लासात दर आठवड्याला फळ्यावर लिहितो. अक्षांशाची चकती मी थाटात बदलली होती आणि रेखांश तसेच राहू दिले होते. म्हणूनच ते कॅलेंडराशी जुळत होतं. ते मुंबईचं कॅलेंडर होतं. दोन साक्षीदार कसले, दोघेही एकाच गावचे.

जिन्यावर माणसं मला धक्के देऊन उतरत होती.  चुकीची लाज नंतर आली, आधी दुसरंच आठवलं. आई. ऐंशीच्या पुढची मधुमेही बाई, माझ्या एका वजाबाकीपायी दर महिन्याला एक तास जास्त उपाशी बसवली मी. ते हलणारं ताम्हन आठवलं. आत्ताही ती बसली असेल, चंद्र डोक्यावर आलेला आणि ही माझी वाट बघत बसलेली. मी ऑटोची रांग सोडून चालायला लागलो, मग पळायला लागलो. ह्या वयात बेहालाच्या गर्दीत माणूस पळताना कसा दिसतो ते मला माहीत आहे.

दार लोटलेलं होतं. मी ढकलून आत गेलो.

आई टेबलाशी बसून जेवत होती. तिच्यापुढे पूर्ण वाढलेलं पान होतं. वरणभात, भाजी, मोदकावर तूप. ती अगदी निवांतपणे जेवत होती, आणि बायको शेजारी बसून तिला काहीतरी सांगत होती. ताम्हन विसळून पालथं घातलेलं होतं. मला बघून आईने काय केलं, तर पान दोन्ही हातांनी पुढे सारलं आणि त्याच्यावर वर्तमानपत्र ओढलं. तोंडात घास होता. तो तिने घाईघाईने गिळला आणि म्हणाली, "मी नुसतं चाखून बघत होते रे. मीठ बघत होते."

माझ्या आईने माझ्यापासून ताट लपवलं. लहानपणी मी डब्यातला लाडू घेताना सापडलो की माझा चेहरा जसा व्हायचा, तसा तिचा चेहरा झाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसल्या वेळी माणसाने काय बोलायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही. मी म्हणालो, "आई, चंद्र उगवलाय. मी स्टेशनवरून बघितला."

 मग आईने हळूच विचारलं, "पण तुझ्या चकतीत अजून वेळ आहे ना?"

"चकती बरोबर आहे," मी म्हणालो. "मीच चुकीची लावत होतो. पहिल्या दिवसापासून."

"असू दे," ती म्हणाली. "होतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

आईने बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "पाहुणे आले होते ना, त्याच्या पुढच्या महिन्यात मी आईंना वरच्या मजल्याच्या जिन्यावर नेलं. तिथल्या खिडकीतून एक फट दिसते. फोनच्या वेळेनंतर थोड्याच वेळात चंद्र आला. आईंनी डोळ्यांनी बघितला, तिथूनच अर्घ्य दिलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

म्हणजे दर महिन्याला दोघी माझ्या आधी चंद्र बघत होत्या. आई पोटभर जेवत होती, बायको भांडी घासून ठेवत होती. मग मी आलो की आई पुन्हा उपाशी होऊन बसत होती, माझ्या "उगवला"ची वाट बघत होती, पुन्हा पूजा करत होती, आणि भरल्या पोटावर दोन घास बळे खात होती. आणि कमी जेवते म्हणून माझं व्याख्यान ऐकत होती. मी तिला उपाशी ठेवलं ह्या विचाराने पळत आलो होतो. ते खोटं निघालं. पाहुण्यांच्या त्या एका संध्याकाळखेरीज तिला मी उपाशी ठेवलं नव्हतं, कारण तिची काळजी घेणारं माणूस घरात होतं. पण ते कळून माझी लाज कमी झाली नाही, वाढलीच. घरातल्या दोन शहाण्या बायका मला सांभाळून घेत होत्या. हट्टी पाहुण्याला किंवा तापट साहेबाला सांभाळतात तसं.

"आई, तू तरी सांगायचंस," मी म्हणालो.

तिने वर्तमानपत्र बाजूला केलं, पण जेवायला सुरुवात केली नाही. पानाकडे बघत म्हणाली, "तू चिडतोस रे."

एवढंच म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, ती नुसतं कारण सांगत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि तिला जेव म्हणालो. ती माझ्याकडे बघत बघत जेवली. बायकोने माझंही पान वाढलं. मी बायकोला काहीतरी म्हणायला हवं होतं. पाहुण्यांसमोर बोललो होतो, तेव्हा माफीही निदान मोठ्याने मागायला हवी होती. मी फक्त मोदक चांगले झालेत म्हणालो. ती "हो का" म्हणाली. माफी मी दोन दिवसांनी मागितली, तीही ती ऑफिसला निघताना दारात, म्हणजे फार बोलावं लागू नये. तिने चपला घालता घालता ऐकून घेतली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

ज्या दोन जोडप्यांसमोर मी बँकेतल्या लोकांची चेष्टा केली होती, त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. मंडळात भेटले की ते मला कौतुकाने चंद्राची वेळ विचारतात. मी विषय बदलतो. हे लिहिताना वाटतं, की तेही करायला हवं. पण माणूस लाजतो त्यापेक्षा जास्त टाळतो, असा माझा माझ्याबद्दलचा अनुभव आहे.

पुढच्या संकष्टीला मी क्लासातून सुट्टी घेतली. चकतीच्या पाठीवर मोठ्या आकड्यांत अठ्ठ्याऐंशी लिहिलं. ठिपका दिला, काठाला टेकवला, वजाबाकी कागदावर केली, दोनदा तपासली. वेळ फोनशी जुळली. मी कुणाला काही दाखवलं नाही. आई पूजेची तयारी करून बसली होती, जास्वंदीची माळ, दूर्वा, ताम्हनात पाणी. बायको पलीकडे मोदक वाफवत होती. खिडकीबाहेर ती पाच मजली इमारत होती तशीच होती.

वेळ झाली. या वेळी चूक नव्हती, मी शपथेवर सांगितलं असतं. मी म्हणालो, "आई, उगवला."

आई उठली नाही. तिने आधी सुनेकडे बघितलं. बायकोने ओट्यावरचा फोन उचलून पाहिला आणि मान हलवली. मग आईने ताम्हन उचललं.